इंजिनाला फिल्टर आधी, माणसाला नंतर: केबिन फिल्टरची गोष्ट

हा या आठवड्याच्या भागाचा लिखित मजकूर. बोलताना मी जिथे जिथे अडखळलो होतो तेवढं काढून टाकलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय. ऐकायला वेळ नसेल तर बसमध्ये, मेट्रोत, ऑफिसच्या लिफ्टसमोर उभ्या उभ्या वाचा. शेवटी कामाची माहिती पण आहे, पण आधी इतिहास. आपल्याकडे नियम तोच.

सुरुवात घरातून करतो. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, एसटीत ड्रायव्हर होते. बार्शी आगार. तीस वर्षं सर्व्हिस. लातूर, पुणे, मुक्कामी गाड्या, सगळं केलं. रिटायर होऊन आता काही वर्षं झाली आणि सोबत आलाय तो खोकला. डॉक्टरांनी इन्हेलर दिलाय. अण्णांनी तरुणपणी दहा-बारा वर्षं बिडी पण ओढली, त्यामुळे सगळं खापर मी धुळीवर फोडत नाही. पण धूळ होतीच.

गेल्या हिवाळ्यात त्यांना तपासणीसाठी बार्शीहून पुण्याला आणत होतो. माझी सेकंडहँड हॅचबॅक. उसाचा हंगाम, रस्त्यावर ट्रॉल्याच ट्रॉल्या, टेंभुर्णीपासून पुढे नुसता धुरळा. मी शहाण्यासारख्या काचा वर केल्या, एसी लावला. म्हटलं, अण्णांना त्रास नको. आणि पाच मिनिटांत त्यांना जो खोकला लागला, तो थांबेचना. गाडीत ओल्या फडक्यासारखा वास येत होता. मला तो सवयीचा झाला होता, म्हणून कळतही नव्हता. इंदापूरच्या अलीकडे अण्णांनी स्वतःच काच खाली केली आणि म्हणाले, "या बंद डब्यापेक्षा बाहेरची धूळ परवडली रे."

पुण्यात पोचल्यावर रात्री पार्किंगमध्ये मोबाइलचा टॉर्च लावून मी ग्लोव्ह बॉक्स उघडला, त्याच्या मागचं झाकण काढलं आणि केबिन फिल्टर बाहेर ओढला. काळा कुळकुळीत. घड्यांमध्ये वाळलेली पानं, किड्यांचे पंख, एका कोपऱ्यात उंदराने कुरतडल्याच्या खुणा. हे वाईट होतंच. पण खरा धक्का पुढे होता. फिल्टरच्या कडेला छापलेला महिना आणि वर्ष गाडी तयार झाली त्याच वर्षाचं होतं: २०१८. आणि माझ्याकडे सर्व्हिसिंगची दोन बिलं होती, २०२२ आणि २०२३ ची. दोन्हींवर "एसी फिल्टर बदलला" असं लिहून पैसे लावलेले. सर्व्हिस सेंटरचं नाव घेत नाही. चूक माझी पण आहे. मी बीटेक केलेला माणूस, दिवसभर दुसऱ्यांचा कोड रिव्ह्यू करतो आणि स्वतःच्या गाडीचा एक कप्पा पाच वर्षांत कधी उघडून बघितला नाही.

दुसऱ्या दिवशी अण्णांना तो फिल्टर दाखवला. त्यांनी हातात घेऊन उलटा-सुलटा केला आणि विचारलं, "हे माणसाच्या हवेचं फिल्टर? इंजिनाचं नव्हे?" म्हटलं, हो, माणसाच्या. ते हसले. म्हणाले, "आमच्या गाडीत इंजिनाला होतं. आम्हाला नव्हतं."

त्या एका वाक्यावर आजचा भाग आहे. मी शोधत गेलो आणि निघालं ते असं, की हे फक्त एसटीचं नाही. वाहनांच्या इतिहासात हाच क्रम आहे. आधी इंजिन स्वच्छ हवा घ्यायला लागलं. माणसाचा नंबर बराच उशिरा लागला.

आधी यंत्र

एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करू, कारण खूप जणांचा गोंधळ होतो. गाडीत हवेचे फिल्टर दोन असतात. एक इंजिनाचा, बॉनेटखाली. इंजिनात पेट्रोल किंवा डिझेल जळायला जी हवा जाते ती हा गाळतो. दुसरा केबिन फिल्टर, ज्याला गॅरेजवाले एसी फिल्टर म्हणतात. आपण आत बसून जी हवा घेतो ती हा गाळतो. कंपन्या कधीकधी त्याला पोलन फिल्टर म्हणतात, पोलन म्हणजे परागकण.

इंजिनाच्या फिल्टरची गोष्ट शेतात सुरू होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत ट्रॅक्टर आले. नांगरताना उडणारी माती थेट इंजिनात जायची, सिलिंडर घासले जायचे आणि महागडं इंजिन लवकर बाद व्हायचं. फ्रँक डोनाल्डसन नावाचा एक माणूस ट्रॅक्टर विकायचा. त्याने हा प्रॉब्लेम बघून ट्रॅक्टरसाठी एअर क्लीनर तयार केला आणि १९१५ मध्ये मिनेसोटात त्याची कंपनी सुरू झाली. ती कंपनी आजही फिल्टरच बनवते. पुढे १९२३ मध्ये अर्नेस्ट स्वीटलंड यांचा ऑइल फिल्टर आला, नाव प्युरोलेटर.

म्हणजे शंभर वर्षांपूर्वी इंजिनाची हवा आणि इंजिनाचं ऑइल दोन्ही गाळायची सोय झाली होती. आणि त्या ट्रॅक्टरवर उघड्यावर बसलेला शेतकरी? त्याने तोंडाला रुमाल बांधायचा.

यात कुणी खलनायक शोधू नका. हिशोब सरळ आहे. इंजिन धुळीने खराब झालं की महिन्यांत कळतं आणि बिल येतं. माणूस धुळीने खराब झाला की वीस-तीस वर्षांनी कळतं आणि बिल त्याच्या घरच्यांना येतं. अण्णा सांगतात, आगारात एअर फिल्टर साफ झालाय की नाही याची विचारपूस व्हायची, कारण गाडी धूर मारायला लागली, चढाला दम टाकायला लागली की तक्रार यायची. ड्रायव्हरला दम लागला तर तो रजा टाकायचा.

धूळ जीव घेते, हे कळायचं कसं?

बरं, लोकांना हे माहीत नव्हतं असंही नाही. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी लिहून गेलाय की शेंदरासारखा लाल रंग, म्हणजे पाऱ्याचं खनिज, दळणारे कामगार जनावराच्या मूत्राशयाची पातळ पिशवी तोंडाला बांधायचे, भुकटी आत जाऊ नये म्हणून. हा बहुतेक आपल्याला माहीत असलेला सगळ्यात जुना मास्क.

मग १५५६ मध्ये जर्मन विद्वान अ‍ॅग्रिकोला याचं खाणकामावरचं पुस्तक छापलं गेलं. त्यात एक गोष्ट आहे, ती वाचून मी थांबलोच. कार्पेथियन डोंगरातल्या खाणींजवळ त्याने अशा बायकांची नोंद केलीय ज्यांनी एकामागून एक सात नवरे केले. सातही नवरे खाणीच्या धुळीने फुप्फुसं खराब होऊन मेले. पुस्तक खाणीचं, माहिती धातूची, आणि मधेच ही ओळ. उपाय म्हणून त्याने तोंडावर सैल कापड घ्यायला सांगितलंय.

पण धूळ म्हणजे नेमकं काय, ती हवेत किती असते, हे दाखवलं जॉन टिंडलने. हो, तोच तो, शाळेच्या सायन्समधला टिंडल इफेक्टवाला. आपल्याकडे कौलारू घरात कवडसा पडतो ना, उन्हाच्या त्या तिरक्या पट्ट्यात धूळ नाचताना दिसते. टिंडलने तेच प्रयोगशाळेत केलं. अंधार करून हवेतून प्रकाशाचा झोत सोडला. हवेत कण असतील तर झोत दिसतो, नसतील तर तिथे काळोख. मग त्याने कापसाच्या बोळ्यातून श्वास घेऊन तो झोतात सोडला. झोत काळा पडला, म्हणजे कापसाने कण अडवले. जानेवारी १८७० मध्ये त्याने लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये धूळ आणि रोग यावर व्याख्यान दिलं. त्यानंतर त्याने आग विझवणाऱ्यांसाठी मास्क बनवला: कापूस, ग्लिसरीन, चुना आणि कोळसा यांचे थर. त्यातला कोळसा ही स्कॉटिश केमिस्ट जॉन स्टेनहाउसची आयडिया, त्याने १८५४ मध्येच कोळशाचा मास्क केला होता.

आता तुम्ही दुकानात जो "अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन केबिन फिल्टर" मागता, तो मुळात हाच आहे. धूळ अडवायला तंतूंचा थर, वास आणि वायू अडवायला कोळशाचा थर. डिझाइन दीडशे वर्षं जुनं, पॅकिंग नवीन.

करवंटीचा कोळसा

कोळशाला खरी किंमत आली ती युद्धात. २२ एप्रिल १९१५, बेल्जियममधलं ईप्र. जर्मन सैन्याने क्लोरीन वायू सोडला. सुरुवातीला सैनिकांकडे केमिकलमध्ये भिजवलेली फडकी होती. मग वर्षभरात कोळशाचे गॅस मास्क आले. रशियात निकोलाय झेलिन्स्की यांनी १९१५ मध्येच तसा मास्क तयार केला.

पण कुठलाही कोळसा चालत नाही. तो खास पद्धतीने तापवून त्याच्या आत अगणित बारीक भोकं पाडावी लागतात. अशा एक ग्रॅम कोळशाचं आतलं क्षेत्रफळ साधारण हजार चौरस मीटरच्या घरात जातं. आपल्या भाषेत सांगायचं तर दहा गुंठे जमीन. एक ग्रॅममध्ये! वायूचे रेणू या दहा गुंठ्यांत जाऊन भिंतींना चिकटतात. आणि सगळ्यात चांगला कोळसा निघाला नारळाच्या करवंटीचा, कारण ती घट्ट असते आणि तिच्यात भोकं अगदी बारीक पडतात. अमेरिकेत १९१८ मध्ये करवंट्या पुरेनात, तेव्हा लोकांना आवाहन झालं की पीच फळाच्या कोया आणि कवचाची टरफलं जमा करा, सैनिकांच्या मास्कसाठी हवीत. शाळेतली पोरंसुद्धा कोया गोळा करत होती.

आजही करवंटीपासून असा कोळसा मोठ्या प्रमाणावर बनतो, आपल्या दक्षिणेत आणि श्रीलंकेतही. म्हणजे खोबरं किसून झाल्यावर आपण जी करवंटी फेकतो, तिचीच भावंडं डॅशबोर्डच्या मागे बसलेली असू शकतात.

फिल्टर म्हणजे चाळणी नाही

आता माझा आवडता भाग. मला वाटायचं फिल्टर म्हणजे पिठाची चाळणी. भोकापेक्षा मोठा कण अडतो, लहान निसटतो. म्हणजे कण जितका बारीक, तितका पकडायला अवघड. बरोबर? चूक.

फिल्टर हे जंगल समजा. झाडं म्हणजे तंतू. मोठा कण भरधाव ट्रकसारखा असतो, हवा झाडाला वळसा घालते पण त्याला वळता येत नाही, तो सरळ जाऊन आदळतो. मधला कण वळतो, पण जाता जाता झाडाला घासून चिकटतो. आणि अगदी बारीक कण? त्याला हवेचे रेणू चारी बाजूंनी धक्के मारत असतात, त्यामुळे तो दारुड्यासारखा झोकांड्या खात चालतो आणि कुठल्या तरी झाडावर आपटतोच. म्हणजे मोठेही पकडले जातात, अगदी बारीकही. सगळ्यात जास्त निसटतो तो अधला-मधला, साधारण ०.३ मायक्रॉनचा. केस साधारण ७० मायक्रॉन जाड धरला तर हा कण त्याच्या दोनशेपटीहून बारीक.

हे गणित दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अर्व्हिंग लँगम्युअर यांनी मांडलं, ज्यांना १९३२ चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं होतं. त्याच काळात अमेरिकेत अणुबाँबचं काम चालू होतं आणि किरणोत्सारी धूळ प्रयोगशाळेबाहेर जाता कामा नये, म्हणून अत्यंत दाट फिल्टर बनवले गेले. त्यांनाच पुढे हेपा नाव पडलं. हेपाची परीक्षाच त्या अवघड ०.३ मायक्रॉनच्या कणावर होते: त्यातले किमान ९९.९७ टक्के अडवायचे.

मग १९५० च्या दशकात अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेत व्हॅन वेंटे यांनी अजून एक पाऊल टाकलं. अणुचाचण्यांची धूळ वातावरणातून पकडायला त्यांना अतिशय बारीक तंतू हवे होते. त्यांनी वितळलेलं प्लास्टिक बारीक भोकांतून सोडलं आणि त्यावर गरम हवेचा झोत मारला. जत्रेत म्हातारीचे केस बनवतात, बघितलंय ना? साधारण तसंच, फक्त साखरेऐवजी प्लास्टिक. याला मेल्टब्लोन म्हणतात.

शेवटचा तुकडा विजेचा. कंगवा केसांत फिरवून कागदाचे कपटे उचलायचा खेळ आपण सगळ्यांनी केलाय. तसा चार्ज जर तंतूंवर टिकून राहिला, तर ते धूळ स्वतःकडे ओढून घेतील आणि फिल्टर फार दाट न करताही काम होईल. असा चार्ज धरून ठेवणाऱ्या पदार्थाला इलेक्ट्रेट म्हणतात. हा शब्द १८८५ मध्ये ऑलिव्हर हेविसाइड यांनी सुचवला होता. १९९० च्या दशकात टेनेसी विद्यापीठात पीटर त्साय यांनी मेल्टब्लोन कापडाला असा चार्ज द्यायची पद्धत विकसित केली. कोरोनात आपण जे एन९५ मास्क शोधत फिरत होतो, त्यांच्या आतला थर याच तंत्राचा. चांगल्या केबिन फिल्टरमध्येही असाच चार्ज असलेला थर असतो. हे लक्षात ठेवा, पुढे फिल्टर धुवायचा विषय निघेल तेव्हा कामी येईल.

मग गाडीत कधी आला?

सुरुवातीच्या मोटारी उघड्या होत्या, मग बंद झाल्या, पण काचा खाली असायच्या. काच खाली असेल तर फिल्टरचा उपयोग शून्य. म्हणजे केबिन फिल्टरची गोष्ट ही खरं तर काच कधी वर गेली याची गोष्ट आहे.

थंडीच्या देशात ती हीटरमुळे वर गेली. १९३८ मध्ये नॅश या अमेरिकन कंपनीने एक सिस्टिम आणली: बाहेरची ताजी हवा आत घ्यायची, गाळायची, गरम करायची आणि केबिनमध्ये सोडायची. आतला दाब बाहेरपेक्षा किंचित जास्त राहायचा, त्यामुळे फटींतून गार वारा आणि धूळ आत येत नसे. कल्पना आजच्या गाडीचीच. पुढे १९४० च्या मॉडेलमध्ये पॅकार्डने कंपनीतूनच एसी बसवून द्यायला सुरुवात केली, पण तो एवढा मोठा होता की डिकीची बरीच जागा खायचा. १९५४ मध्ये नॅशनेच हीटर, एसी आणि हवा खेळवायची सोय एकत्र करून पुढे डॅशबोर्डच्या बाजूला आणली.

तरीही दाट, बदलता येणारा केबिन फिल्टर नेहमीची गोष्ट व्हायला अजून बराच काळ गेला. १९७८ मध्ये स्वीडनच्या सॅबने आपल्या ९०० मॉडेलमध्ये तो दिला, परागकणांची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून. मग तो आधी महागड्या युरोपियन गाड्यांत, मग हळूहळू सगळीकडे पसरला. २०१५ मध्ये टेस्लाने मॉडेल एक्समध्ये हेपा दर्जाचा भलामोठा फिल्टर टाकला आणि त्या सेटिंगला नाव दिलं बायोवेपन डिफेन्स मोड. १९१५ मधला ट्रॅक्टरचा फिल्टर ते हा फिल्टर, बरोबर शंभर वर्षं.

आपल्याकडे माझ्या लहानपणीपर्यंत गाडीत एसी म्हणजे चैन होती. त्यामुळे कितीतरी गाड्यांत फिल्टरची जागा असायची, पण फिल्टर नसायचा. खालच्या व्हेरिएंटमध्ये तिथे नुसतं प्लास्टिकचं झाकण. आजही जुनी गाडी घेतली असेल तर उघडून बघा. आत काहीच नसेल हेही शक्य आहे.

आणि लाल परी? १ जून १९४८ ला पुणे–अहमदनगर अशी पहिली एसटी धावली. तेव्हापासून अण्णांच्या रिटायरमेंटपर्यंत त्यांच्या गाड्यांच्या काचा उघड्याच. त्यांच्या बाजूची खिडकी, त्यातून येणारा वारा, पुढच्या ट्रकचा धूर, बाजूने जाणाऱ्या ट्रॉलीचा पाचोळा. आपल्या देशाचं २००९ चं मानक म्हणतं की पीएम २.५, म्हणजे अडीच मायक्रॉनपर्यंतची धूळ, वर्षाच्या सरासरीने घनमीटरमागे ४० मायक्रोग्रॅमच्या आत हवी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सांगितलं ५. या मधल्या अंतरात आपल्याकडचे कितीतरी ड्रायव्हर, ट्रॅफिक पोलीस आणि रिक्षावाले रोज आठ-दहा तास श्वास घेतात.

आता कामाचं: घ्यायचा कुठला?

पहिली गोष्ट माप. गाडीचं मॉडेल, वर्ष आणि व्हेरिएंट बघून घ्या, आणि शंका असेल तर जुना फिल्टर काढून लांबी, रुंदी, जाडी मिलिमीटरमध्ये मोजा. चार मिलिमीटर लहान फिल्टर फुकट आहे, कारण हवा आळशी असते. फट दिसली की ती फिल्टरमधून कशाला जाईल?

दुसरी गोष्ट प्रकार. साधा कागदी किंवा कापडी फिल्टर मोठी धूळ, पानं, किडे अडवतो. चार्ज असलेला फिल्टर बारीक धूळही बऱ्यापैकी पकडतो. कार्बनवाला त्याशिवाय धुराचा वास आणि काही वायू शोषतो. रोज ट्रॅफिकमध्ये जात असाल तर मी कार्बन घ्या म्हणेन. माझ्या गाडीला साधा तीनशेच्या आसपास मिळत होता, कार्बन सहाशेच्या.

तिसरी गोष्ट, "हेपा" शब्दाला भुलू नका. खरा हेपा दाट असतो आणि त्याला ताकदवान ब्लोअर लागतो. छोट्या गाडीत खूप दाट फिल्टर घातला की हवाच कमी येते. डब्यावर नुसतं "पीएम २.५" लिहिलेलं पुरेसं नाही. किती मायक्रॉनचे किती टक्के कण अडवतो हे लिहिलंय का बघा. केबिन फिल्टरच्या चाचणीसाठी आयएसओ १११५५ हे मानक आहे, त्याचा उल्लेख असेल तर चांगलंच.

आणि एक सुरक्षेची गोष्ट. कार्बन फिल्टर कार्बन मोनॉक्साइड अडवत नाही. दोन्हींत कार्बन आहे म्हणून गैरसमज करून घेऊ नका. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून बसणं कुठल्याही फिल्टरने सुरक्षित होत नाही.

बदलायचा कसा?

बहुतेक गाड्यांत हे दहा मिनिटांचं काम आहे आणि हत्यार लागत नाही. काही गाड्यांत जागा वेगळी असते, म्हणून मॅन्युअल एकदा बघा.

गाडी बंद, किल्ली काढलेली, ब्लोअर बंद. ग्लोव्ह बॉक्स पूर्ण रिकामा करा. त्याच्या एका बाजूला छोटी दोरी किंवा प्लास्टिकची दांडी असते, जिच्यामुळे तो हळू उघडतो. ती हलकेच सोडवा. मग बॉक्सच्या दोन्ही बाजू आत दाबा, तो खाली लोंबकळेल. जोर लावू नका, थंडीत प्लास्टिक कडक होतं आणि तुटतं. मागे आडवं झाकण दिसेल, क्लिप दाबून काढा.

आता थांबा आणि फोटो काढा. जुन्या फिल्टरवर बाण आहे, तो कुठल्या दिशेला आहे हे फोटोत यायला हवं. मग फिल्टर हळूच, सरळ बाहेर ओढा, नाहीतर वरचा कचरा ब्लोअरमध्ये पडतो. आतली जागा ओलसर फडक्याने पुसा, व्हॅक्यूम असेल तर उत्तम. नवीन फिल्टर त्याच दिशेने बसवा. बाणासोबत हवेचा प्रवाह असं लिहिलं असेल तर तो बाण हवा जाते त्या दिशेला हवा. नुसतं "अप" असेल तर बाण वर. झाकण टक् असा आवाज येईपर्यंत लावा, दोरी अडकवा, बॉक्स बंद. ब्लोअर सगळ्या स्पीडवर चालवून बघा. खरखर आली तर काहीतरी आत पडलंय किंवा झाकण नीट बसलेलं नाही.

धुवायचा का? धुता येतो असं डब्यावर लिहिलं नसेल तर नाही. पाण्याने तो चार्ज जातो, कागद फुगतो आणि कोळशाने जे शोषलंय ते काही धुऊन निघत नाही. पंपावर हवा मारून घेतली तर मोठी धूळ उडते, पण तंतूंमध्ये भोकं पडू शकतात. वर्षातून एकदा बदला, धुळीच्या रस्त्यावर जास्त चालत असाल तर लवकर. कार्बन भरत आल्याचं डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे "अजून स्वच्छ दिसतोय" हा निकष धरू नका.

फिल्टर बदलूनही वास येत असेल तर एसीची कॉइल साफ करून घ्यावी लागेल. ओली कॉइल आणि त्यावर बसलेली धूळ, वास तिथूनच येतो. आणि आतलीच हवा फिरवायचं बटण लांबच्या प्रवासात सतत दाबून ठेवू नका. माणसांच्या श्वासाने आत कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि झोप यायला लागते. धुरातून बाहेर पडलात की बाहेरची हवा घ्या.

सर्व्हिसिंगला गाडी देताना एक युक्ती करा. ही युक्ती माझी नाही, अण्णांची. नवीन फिल्टर बसवायला मी त्यांना सोबत घेतलं. मी घाईत फिल्टर उलटा घालत होतो, त्यांनी हात धरला: "बाण बघ." मग खिशातून पेन काढलं आणि फिल्टरच्या कडेला तारीख आणि किलोमीटर लिहिले. म्हणाले, आगारात पार्ट बसवला की ते असंच करायचे, म्हणजे पुढच्याला खोटं बोलता येत नाही. पुढच्या सर्व्हिसिंगला मी जुना फिल्टर परत मागणार आहे. कडेला अण्णांचं अक्षर असेल तर बदलला.

खोकला गेला का? नाही. तीस वर्षांचं काम सहाशे रुपयांत पुसलं जात नाही, आणि असं काही मी तुम्हाला विकणारही नाही. इन्हेलर चालूच आहे. पण परत जाताना पुणे ते बार्शी काच वर होती. टेंभुर्णीला पुन्हा त्याच ट्रॉल्या, तोच धुरळा, आणि अण्णा सीट मागे करून झोपले होते. जागे झाल्यावर सवयीने त्यांचा हात काचेच्या बटणाकडे गेला, मग थांबला. म्हणाले, "राहू दे. बरं वाटतंय."

तर मंडळी, आज घरी गेल्यावर तो ग्लोव्ह बॉक्स उघडा. आणि तुमच्या घरात कुणी ड्रायव्हर असेल, ओला-उबरचा, स्कूल बसचा, ट्रकचा, तर त्यांच्या गाडीचा आधी उघडा. इंजिनाचा फिल्टर बदललेला असेलच. त्यांचा बदललाय का बघा.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.